मद्रास लेट आहे

जानेवारीतली गोष्ट. पहाटेचे तीन वाजत आलेले, थंडी अशी की स्टिअरिंगवर बोटं आखडत होती, आणि आम्ही सहा जणं माझ्या एवढ्याशा गाडीत कोंबून नागपूरच्या विमानतळावर निघालो होतो. मावसभावाचा मुलगा आखातातून दोन वर्षांनी घरी येणार होता, एसीचं काम करतो तो तिकडं. पुढं माझ्या बाजूला मावशी, म्हणजे त्याची आजी, वय 84, दोन शाली आणि वरून कानटोपी. तिला नको येऊ म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं पण ती आधीच चपला घालून बसलेली. मागे भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि शेजारचं एक पोट्टं, त्याला विमान जवळून पाहायचं होतं. वर्धा रोडवरून विमानतळाकडं वळायच्या आधी मेट्रोच्या खांबाशी एक चहाचा ठेला लागतो. अजून वेळ होता, आत पार्किंगचे पैसे चढत राहतात, म्हणून तिथंच गाडी लावली. ठेलेवाल्याने आमच्याकडं एकदा पाहिलं, गाडीतून उतरणारी माणसं मोजल्यासारखी, आणि विचारलं, "इंटरनॅशनलवाल्याले घ्यायले आले का काकू?" हो म्हटलं. तर म्हणतो, "नाही येत आज. तिकडं धुकं हाये, निघालंच नाही."

भावाच्या फोनवर अजून काहीच आलं नव्हतं. आमच्या घरच्या पोराच्या विमानाची खबर आम्हाला चहावाल्याकडून कळली. त्याच्या मोबाईलची काच तडकलेली, त्यावर ते विमानं दाखवणारं ॲप उघडं, नकाशावर पिवळी पिवळी विमानं मुंगीसारखी सरकतायत. पंधरा मिनिटांनी भाच्याचाच फोन आला, आत्या आम्हाला बसवून ठेवलंय, आता उद्याच. वहिनीचा चेहरा उतरला. पण माझं लक्ष त्या ठेलेवाल्याकडं होतं. स्टोव्हवर मोठं पातेलं, 11 लिटर दूध, उकळून वर जाड साय धरलेली, आणि तो ती साय चमच्याने एका बाजूला सरकवत नुसता उभा. स्टोव्ह बारीक केला, मग बंदच केला. म्हणाला, "आज इंटरनॅशनल नाही, म्हणजे माह्यं बी नाही."

मी म्हटलं अरे पण सकाळी मुंबई, दिल्ली, बंगलोर, कितीतरी विमानं आहेत की. त्यावर त्याने जे सांगितलं ते मी तेव्हापासून घरीदारी दहा जणांना तरी सांगितलं असेल. "काकू, बंगलोरवालं पोट्टं बाहेर येत येतच गाडी बुक करते न् निघून जाते, कानात ते खुपसलेलं राह्यते, इकडं पाहत बी नाही. शारजावाल्यासाठी आख्खं घर येते. दोन तास आधी येते, चाय घेते, पोहे घेते, पोरं रडते तर बिस्किट घेते, मग तो माणूस आला की त्याच्यासोबत पुन्हा चाय." एका माणसामागं सात-आठ चहा धरतो तो. आणि रात्रीची इंटरनॅशनल धरून तो दुधाचा अंदाज लावतो, पोह्याचे पुडे किती फोडायचे ते ठरवतो, पाऊस असला, थंडी असली तर वेगळा हिशेब. पलीकडं तीन टॅक्सीवाले ब्लँकेट घेऊन गाडीतच आडवे झालेले, काटोल, वरूड, अमरावतीकडची लांबची भाडी इंटरनॅशनललाच मिळतात, त्यांचीही रात्र गेली. ठेल्यावर जी बाई पोहे करून आणून देते तिचा डबा तसाच झाकलेला होता.

मावशीने गाडीची काच खाली केली आणि त्याला म्हणाली, "दूध फेकू नको बाप्पा, दही लाव. पोतं गुंडाळ न् शेगडीपाशी ठेव."

परत येताना गाडीत सगळे झोपले आणि मला एकदम बाबांचा आवाज आठवला. "मद्रास लेट आहे."

हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याला अर्थच राहिला नव्हता, ते कूकरच्या शिट्टीसारखं झालं होतं. बाबा पोस्टात होते, टपालाच्या रात्रपाळीला, सोनेगावच्या, म्हणजे याच विमानतळावर. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण 1949 पासून 1973 पर्यंत आख्ख्या देशाची विमानाने जाणारी रात्रीची टपाल आपल्या नागपुरात येऊन बदलायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांकडून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास इथं भेटायची. पिशव्यांची अदलाबदल, माणसंही या विमानातून त्या विमानात, आणि थोड्या वेळाने सगळी उलटी आपापल्या गावाला. पहाटेपर्यंत मुंबईची चिठ्ठी कलकत्त्यात. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरला एवढा रोखठोक फायदा त्याआधी कधी झाला असेल असं मला वाटत नाही, झिरो माइलचा दगड तर इंग्रजांच्या काळापासून उभाच होता.

एक विमान अडकलं की बाकी तिघांचं वेळापत्रक लटकायचं. बाबा सकाळी सायकल टेकवत दारातूनच आईला सांगायचे, मद्रास लेट होतं, किंवा पावसाळ्यात, कलकत्ता आलंच नाही. आम्ही तेव्हा प्रतापनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. रात्री घरघर करत विमान डोक्यावरून गेलं की आई झोपेतच म्हणायची, एक आलं. चार मोजून झाली की मग कूस बदलायची. मी लहान होते, पाच-सहा वर्षांची, मला वाटायचं प्रत्येकाच्याच घरी रात्री विमानं मोजतात. रात्रपाळीचा जो काही वेगळा भत्ता मिळायचा तो बाबा आईच्या हातात वेगळा द्यायचे, पगारात मिसळायचे नाहीत. त्याच पैशातून आईचं शिवणयंत्र आलं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाचं. त्या यंत्रावर आईने वस्तीतल्या निम्म्या पोरींचे फ्रॉक शिवले आणि माझी कॉलेजची फी भरली. बाबांसोबतचे काही जण रात्री बाहेरच्या हॉटेलात जेवायचे, एक म्हातारा पिशव्या ओढायला यायचा, एक जण नुसती पानं लावून द्यायचा रात्रभर.

1973 मध्ये ती टपाल बंद झाली. बाबांची नोकरी गेली नाही, ते दिवसपाळीला शहरातल्या ऑफिसात आले. पण भत्ता गेला, आणि आई मला नंतर सांगायची, तो पानवाला दोन-तीन वर्षं बाबांना रस्त्यात दिसला की हात धरून विचारायचा, साहेब, पुन्हा सुरू होईल का हो? धावपट्टी तीच होती, दिवेही तेच. फक्त रात्रीची चार विमानं यायची बंद झाली होती.

त्या पानवाल्याचं आणि या चहावाल्याचं मला आता वेगळं काढता येत नाही.

विमानतळाने शहराला काय मिळतं असं कोणी विचारलं की आपण मोठे आकडे काढतो. मीही काढायची. बँकेत तीस वर्षं काढली, कर्जाच्या फायलीत "मिहान" हा शब्द, म्हणजे विमानतळालगतचा मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा प्रकल्प, इतक्या वेळा वाचलाय की अक्षरं पुसट दिसायला लागली होती. 2002 मध्ये त्यासाठी सरकारी कंपनी निघाली, 4000 हेक्टरच्या घरातली जमीन, मालवाहतुकीचं केंद्र, सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, दुसरी धावपट्टी. तेव्हा माझ्या टेबलसमोर बसणारा प्रत्येक बाप एकच बोलायचा, मॅडम, पोट्टे आता इथंच राहतील. मीही तेच बोलत होते, माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. आज तो बंगलोरला आहे, चांगला आहे, आणि त्याला मी याच विमानतळावर सोडायला जाते. दारापाशी तो पाया पडतो, आत जातो, काचेतून हात करतो. पोरांना घरी ठेवायला म्हणून जे येणार होतं त्याच्याच दारातून त्यांना निरोप द्यायचा, याचं काय करायचं ते मला अजून उमगलेलं नाही. पण काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे, सकाळी स्कूटीवर मफलर बांधून निघते, संध्याकाळी आईच्या हातचं जेवते. एअर इंडियाची विमानं दुरुस्तीला येतात तो मोठा हँगर 2015 मध्ये सुरू झाला, बोईंगकडून विमानं घेतली तेव्हाच्या सौद्यात तो आपल्याकडं आला, पन्नास-साठ मीटर पंखांची विमानं आपल्या खापरीच्या बाजूला उघडली जातात, तपासली जातात. बोईंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या आतल्या फरशीचे बीम मिहानमध्ये बनतात. एम्स आलं, आयआयएम आलं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, मनापासून.

आणि संत्रं? लोक मला विचारतात, मग आपलं संत्रं विमानाने का जात नाही. बँकेत असताना काटोलचा एक शेतकरी हाच प्लॅन घेऊन आला होता. त्याच्यासमोर बसून मी हिशेब मांडला होता. विमानाला वजनाचे पैसे लागतात, किलोमागे, आणि संत्रं म्हणजे बहुतेक पाणीच. औषधाच्या एका खोक्यात जेवढा माल मावतो त्याची किंमत ट्रकभर संत्र्यांच्या बरोबरीला जाते, म्हणून औषध उडतं, मशीनचा सुटा भाग उडतो, आणि मृग बहाराचं संत्रं कळमन्याच्या बाजारातून ट्रकने रस्त्याने जातं. तो ऐकून गप्प बसला, मग पिशवीतून चार संत्री काढून माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्या संत्र्यांचा वास दिवसभर फायलींना येत होता.

आता मावशीचं. तिचं गाव खापरीच्या बाजूचं, मिहानमध्ये गेलेल्या गावांपैकी. विहीर होती, विहिरीशी साठेक संत्र्याची झाडं आणि बाकी वावर. जमीन गेली, पैसे आले. काय भाव मिळाला आणि शेजारच्या बिल्डरला नंतर काय मिळाला हे भाऊ अजूनही रात्री दोन घोट पोटात गेले की सांगतो, त्यात मी पडत नाही, वाढीव मोबदल्याचे कागद घेऊन त्याने किती ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या ते मी पाहिलंय. आलेल्या पैशाचं काय झालं तेही पाहिलंय. एक ट्रॅक्टर घेतला, पण नांगरायला वावर कुठं होतं? मग तो विकून गाडी, ती भाड्याने लावली, बहिणीचं लग्न, घराला टाइल्स. शेती करणाऱ्याच्या हातात एकदम पैसा येतो तेव्हा त्याला तो पिकासारखा वाटतो, पुढच्या वर्षी पुन्हा येईल असा, आणि जमीन तर एकदाच विकता येते. घरटी एक नोकरी मिळेल असं गावात सगळे धरून चालले होते. भाच्याने आयटीआय केलं, एसी-फ्रिजचं, खास त्यासाठी. दोन वर्षं ठेकेदाराकडं हंगामी काम मिळालं, मग तेही नाही. मग एजंट, पासपोर्ट, आणि आखात.

ज्या विमानतळासाठी आजीचं वावर गेलं त्याच्यावरून नातू कामाला गेला. हे मी लिहिते आहे, मावशी हे असं कधी बोलली नाही. तिला विचारलं तर ती झाडांचं सांगते, कोणत्या झाडाचं फळ ढिल्या सालीचं होतं, कोणत्या झाडाला मुंग्या यायच्या.

आणि मला हेही लिहायला पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. आमच्या घराचा वरचा मजला मिहानमुळेच आलेल्या पैशाचा आहे. आम्ही 1998 मध्ये बेसा भागात एक प्लॉट घेतला होता, हप्त्याहप्त्याने, तेव्हा तिकडं कोणी विचारत नव्हतं. मिहानची बातमी आली आणि भाव असे चढले की आम्हालाच भीती वाटायला लागली. अजून एकही नवीन विमान उतरलं नव्हतं, धावपट्टीचा एक दगड हलला नव्हता, नुसत्या बातमीवर जमिनीचा भाव आला. आम्ही विकला आणि सोमलवाड्याच्या घरावर मजला चढवला, त्याच मजल्यावरच्या खोलीत बसून मी हे टाइप करतेय. मावशीचं वावर सरकारने ठरवलेल्या भावाने गेलं, माझा प्लॉट बाजाराने ठरवलेल्या भावाने. अंतर पाच-सात किलोमीटरचं असेल. गाडीत ती माझ्या बाजूला बसते तेव्हा हे माझ्या मनात येतं, दरवेळी येतं, आणि मी तिच्या शालीचं टोक नीट करते.

कधी कधी मला वाटतं की नागपूरवरून जे काही जातं त्यातलं फार थोडं नागपुरात उतरतं. स्वच्छ दिवशी गच्चीवर उभं राहा, उंचावरून पांढऱ्या रेघा ओढत विमानं जातात, या टोकाकडून त्या टोकाकडं. त्यांना या आकाशातल्या वाटेचे पैसे लागतात, पण ते केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाकडं जातात, आपल्या गावाच्या खिशात नाही. उतरतात ती अडचणीत सापडलेली. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाला दिवस भरत आले, की वैमानिक नकाशात मधोमध पाहतो आणि नागपूर मागतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये मस्कतहून ढाक्याला चाललेल्या विमानाच्या वैमानिकालाच हवेत हार्ट अटॅक आला, सहवैमानिकाने विमान इथं उतरवलं, प्रवासी सगळे सुखरूप राहिले. वैमानिक मात्र काही दिवसांनी इथल्या दवाखान्यात वारला. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, ज्या गावाचं नावही त्याने कदाचित वरूनच ऐकलं असेल तिथं त्याचा शेवट झाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका नर्सने मला विचारलं होतं, ताई, त्याच्या घरच्यांना आपलं जेवण चाललं असेल का हो?

2024 च्या ऑक्टोबरमध्ये नव्या टर्मिनलचं भूमिपूजन झालं, सुमारे 7000 कोटींचं काम. त्याआधी विमानतळ चालवायला कोणाकडं द्यायचा यावर किती वर्षं गेली, दिलेलं काम 2020 मध्ये रद्द झालं, मग हायकोर्ट, मग 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्याच्यानंतरही दोन वर्षं. कागद इकडून तिकडं फिरत होते तेव्हा मी दरवेळी विचार करायची, आता माझ्या बँकेत कोणत्या बापाने मुलाच्या भरवशावर कर्ज उचललं असेल.

दुसऱ्या रात्री आम्ही परत गेलो, तेच सहा जण, शेजारचं पोट्टंही. ठेल्यावर गर्दी होती. काल न आलेलं आणि आजचं, दोन्हीकडची माणसं. बायका डोक्यावरून शाल घेऊन बाकड्यावर बसलेल्या, एक तान्हं बाळ, एका म्हाताऱ्याच्या हातात झेंडूचा हार, कुणाकडून तरी येणारा हिंगाचा वास. ठेलेवाल्याचे दोन्ही स्टोव्ह पेटलेले, हात थांबत नव्हता, गाळणी या ग्लासावरून त्या ग्लासावर. आज त्याने मदतीला बायकोला आणलं होतं, ती ग्लास विसळत होती, बर्फासारखं पाणी, बोटं लाल झालेली. चहा देता देता त्याने मला विचारलं, "काकू, तुमी बँकेत होत्या ना, तुमाले माहीत असंन. नवीन टर्मिनल झालं तर रस्ता कोणीकडून राहीन?" मला माहीत नव्हतं. कोणी त्याला सांगितलं नाही आणि सांगायला कोणी येईल असंही नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. तो मान हलवून पुन्हा गाळायला लागला.

विमान आलं. भाचा बाहेर आला तो दोरीने बांधलेलं खोकं ट्रॉलीवर, वाळलेला, डोळ्यांखाली काळं, पण हसत. वहिनीने त्याला धरून ठेवलं, सुटेचना. तो आधी गाडीपाशी गेला, खाली वाकून आजीच्या पायावर डोकं ठेवलं, तशीच काचेतून तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, जेवला का. मग आम्ही सगळे पुन्हा ठेल्यावर. त्याने तीन चहा घेतले, एकामागून एक. म्हणाला तिकडं अशी आल्याची चाय मिळत नाही. पैसे द्यायला गेला तर खिशात तिकडच्या नोटा, भावाने दिले. निघताना ठेलेवाला धावत मागे आला, हातात स्टीलचा डबा, झाकणाला फडकं बांधलेलं.

"आजी, तुमचं दही. लागलं बरं का."

मावशीने झाकण काढून बोट बुडवून चाखलं. "आंबट आहे थोडं," ती म्हणाली, "पण कढीले चालते."